धूलिकण मोजणारा शास्त्रज्ञ : जॉन एटकेन

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमचे गाव पाथर्डी तालुक्यात आहे. हा सारा भाग पर्जन्यछायेचा. जून उजाडला की पश्चिमेकडून ढगांच्या रांगा येऊ लागतात, आभाळ काळेभोर होते, वारा सुटतो, आणि दोन-चार थेंब टाकून ते सारे आभाळ बीड जिल्ह्याच्या दिशेने निघून जाते. वर्षानुवर्षे आम्ही हेच पाहत आलो आहोत. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याचा रस्ता, असे आमच्याकडचे साधे गणित आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आईवडील ऊसतोडीला जात तेव्हा मी आजीजवळ राहून शाळा शिकले. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जाई. तेथे मिळणाऱ्या सुकडीची आणि मिलोच्या भाकरीची आठवण ती अजूनही काढते.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी वडील बांधावर उभे होते. आभाळ भरून आले होते. ते मला म्हणाले की, तू कॉलेजात भूगोल शिकतेस, तर हे ढग भरून येऊनही न पडता पुढे का जातात, एवढे मला समजावून सांग. मला नीट सांगता आले नाही. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात एक वाक्य होते. हवेतल्या बाष्पाचा थेंब होण्यासाठी सूक्ष्म कणांचा आधार लागतो, अशा अर्थाचे. ते मी परीक्षेपुरते पाठ केले होते. पण हे कोणी शोधले, कसे शोधले, ते कण येतात कोठून, यांतले काहीच मला ठाऊक नव्हते. भूगोलाच्या सरांनी एक नाव कागदावर लिहून दिले आणि वाचनालयात पाठवले. शब्दकोश जवळ घेऊन मी दोन इंग्रजी पुस्तके जमेल तशी वाचली. ते नाव जॉन एटकेन यांचे. त्यांचे चरित्र माझ्या कुवतीप्रमाणे वाचकांपुढे ठेवत आहे.

जॉन एटकेन यांचा जन्म १८ सप्टेंबर १८३९ रोजी स्कॉटलंडमधील फॉलकर्क या गावी झाला. वडील वकील होते, घरची परिस्थिती चांगली होती. गावच्या शाळेत प्राथमिक शिक्षण घेऊन त्यांनी ग्लासगो विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन त्या काळी तेथे प्राध्यापक होते. एटकेन यांना जहाजांची इंजिने बांधायची होती. त्याप्रमाणे त्यांनी ग्लासगोच्या नेपियर या नामांकित जहाज-कारखान्यात उमेदवारीही केली. लोखंड कापणे, कातयंत्रावर सुटे भाग घडवणे, नळ्या जोडणे ही हातांची कामे ते तेथे शिकले. परंतु त्यांची प्रकृती ढासळली. कारखान्यातले कष्ट सोसणे अशक्य झाले आणि ज्या धंद्यासाठी एवढी वर्षे घालवली तो त्यांना कायमचा सोडून द्यावा लागला. ऐन उमेदीत ते फॉलकर्कला घरी परतले.

एखादा माणूस अशा वेळी खचून गेला असता. एटकेन यांनी घरातच एक छोटी कार्यशाळा आणि प्रयोगशाळा उभारली. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच काढले. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, की कोणत्या वेधशाळेचे नोकर नव्हते. लागणारे उपकरण मनात रचायचे, स्वतःच्या हातांनी बनवायचे, त्यावर प्रयोग करायचे आणि निष्कर्ष एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवायचे, असा त्यांचा क्रम होता. कारखान्यात शिकलेली कारागिरी अशी वेगळ्याच ठिकाणी कामाला आली.

१८७५ च्या सुमारास त्यांनी जो प्रयोग केला तो इतका साधा आहे की, आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सहज समजावा. त्यांनी काचेची दोन मोठी पात्रे घेतली. एका पात्रात खोलीतली नेहमीची हवा भरली. दुसऱ्या पात्रात कापसाच्या जाड बोळ्यातून गाळलेली हवा भरली. कापसात सारे बारीक कण अडकून राहतात हे उघडच आहे. मग दोन्ही पात्रांत पाण्याची वाफ सोडली. पहिल्या पात्रात लगेच दाट पांढरे धुके पसरले. दुसऱ्या पात्रात काहीच दिसले नाही. वाफ तेवढीच, थंडावा तेवढाच, पण धुके नाही. पात्र आतून पारदर्शकच राहिले आणि पाणी जमले ते फक्त काचेच्या भिंतींवर.

याचा अर्थ एटकेन यांनी अचूक ओळखला. हवेतल्या बाष्पाला पाणी होण्यासाठी टेकायला काही तरी लागते. काचेची भिंत असेल तर तिच्यावर, गवताचे पाते असेल तर त्याच्यावर, आणि मोकळ्या आकाशात असेल तर हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर ते जमते. असे कण मुळीच नसते तर आकाशात ढग आणि जमिनीवर धुके आपण पाहतो तसे बनलेच नसते. बाष्प आपल्या अंगावर, झाडांवर आणि घरांच्या भिंतींवर येऊन जमले असते. ढगातला प्रत्येक थेंब म्हणजे एका कणाभोवती जमलेले पाणी होय. १८८० मध्ये त्यांनी हे संशोधन एडिंबरोत मांडले. फ्रान्समध्ये कूलिए या शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. एटकेन यांना आपल्या प्रयोगांच्या वेळी त्याची कल्पना नव्हती, पण कळल्यावर त्यांनी कूलिए यांचा मान मोकळेपणाने मान्य केला.

हे कण कोणते, याचाही शोध त्यांनी तेव्हाच सुरू केला. निरनिराळे पदार्थ तापवून किंवा जाळून ते पात्रात धुके धरते का ते पाहू लागले. तापवलेल्या मिठाने धुके धरले. जळत्या गंधकाने तर इतके दाट धुके धरले की, कोळशाच्या धुरात वेढलेल्या शहरांत धुके का साचते याचे कारण त्यांना त्यात सापडले. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडतात. ते वाळले की मिठाचे कण हवेत राहतात आणि तेही ढगांच्या कामी येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मीठ आणि गंधक ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे त्यांचा संबंध आमच्या भागाशी येणार आहे.

१८८५ मध्ये त्यांनी दवाविषयी एक लेख सादर केला. दव आकाशातून पडते अशी आपल्याकडेही समजूत आहे. दवातला बराच भाग वरून पडत नाही, तर दिवसा तापलेल्या जमिनीतून रात्री जे बाष्प वर येते तेच गवतावर जमते, हे त्यांनी दाखवले. गवताच्या टोकाला दिसणारा ठळक टपोरा थेंब तर पुष्कळदा दवच नसतो, तो रोपाने स्वतः बाहेर टाकलेला रस असतो, हेही त्यांनी सांगितले. हे वाचल्यावर मी आमच्या ज्वारीत पहाटे जाऊन पाहिले. प्रत्येक पात्याच्या टोकाला एकेक थेंब होता आणि बाकीचे पाते जवळजवळ कोरडे होते. एवढी वर्षे त्या रानात जाऊन मी ते कधी पाहिले नव्हते.

कण आहेत हे सिद्ध झाले, पण ते किती आहेत? डोळ्यांना न दिसणाऱ्या, सूक्ष्मदर्शकातही न सापडणाऱ्या वस्तूची मोजदाद करायची कशी? एटकेन यांनी १८८८-८९ च्या सुमारास यावर जी युक्ती काढली ती त्यांच्या बुद्धीची खरी साक्ष आहे. कण दिसत नाही, पण त्याच्यावर पाणी जमले की थेंब दिसतो. म्हणून कण न मोजता थेंब मोजायचे. त्यांनी एक लहान बंद डबी केली. आत ओला टीपकागद ठेवून हवा दमट केली. डबीत कापसातून गाळलेली स्वच्छ हवा भरली आणि तिच्यात तपासायची हवा थोडी मोजून मिसळली. मग छोट्या पंपाचा दट्ट्या ओढला की, आतली हवा एकदम प्रसरण पावून थंड होई आणि प्रत्येक कणावर पाणी जमून त्याचा थेंब होई. हे थेंब डबीच्या तळाशी असलेल्या चकचकीत पट्टीवर पडत. त्या पट्टीवर एकेक मिलिमीटरचे चौकोन आखलेले असत. भिंगातून पाहून एका चौकोनात किती थेंब पडले ते मोजायचे.

डबीचे छत पट्टीपासून बरोबर १ सेंटिमीटर उंच ठेवलेले होते. त्यामुळे एका चौकोनावर पडलेले थेंब म्हणजे घन सेंटिमीटरच्या शंभराव्या भागातले कण. समजा, एका चौकोनात ३ थेंब दिसले आणि तपासायची हवा ५० पट स्वच्छ हवेत मिसळलेली असली, तर ३ गुणिले १०० गुणिले ५० म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये १५,००० कण झाले. एवढे गणित आमच्या गावच्या चौथीच्या मुलालाही जमेल. परंतु त्यापूर्वी जगात कोणालाही हवेतले हे कण मोजता आलेले नव्हते. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

पुढे त्यांनी हे यंत्र खिशात मावेल एवढे लहान केले आणि ते घेऊन ते हिंडू लागले. १८८९ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवर नुकताच उभा राहिला होता, त्याच्या माथ्यावर जाऊन त्यांनी हवा तपासली. वारा शहराकडचा असेल तर तेथे लाखाच्या घरात कण भरत आणि वारा पालटला की काही शेकड्यांवर येत. पॅरिसच्या रस्त्यांवरच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये लाख-दीड लाखाहून अधिक कण निघाले. गॅसचे दिवे जळणाऱ्या बंद खोलीत छताजवळ तर ५० लाखांच्या वर कण मोजले गेले. उलट स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर आणि स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर ही संख्या काही शेकड्यांपर्यंत खाली येई. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर, उंची १,३४५ मीटर. त्याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात एक वेधशाळा होती आणि एटकेन यांचे यंत्र तेथेही वापरले गेले. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे बेन नेव्हिसपेक्षा तीनशे मीटरनी अधिक. नवरात्रात आमच्याकडूनही काही लोक तेथे दर्शनाला जातात. त्या माथ्यावरून वाहणारी हवा कोणी अशी एकेका थेंबाने मोजू शकेल, हे वाचून मला मोठे नवल वाटले.

आता मी त्यांच्या कार्यातील ज्या भागाकडे वळते, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोवर सर्वांची समजूत अशी होती की, हवेतले कण हे कोठून तरी उडून आलेले असतात. जमिनीची धूळ, चुलीचा धूर, समुद्राचे मीठ, असे ते आधीपासून असलेल्या वस्तूचे तुकडे असतात. एटकेन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून मोजणी करू लागले. तेथे अटलांटिक महासागरावरून येणारा वारा अगदी स्वच्छ असे. गाव नाही, गिरणी नाही, धूर नाही. तरीही स्वच्छ उन्हाच्या दिवशी कणांची संख्या एकाएकी वाढताना त्यांना दिसली. धूळ नसताना हे कण आले कोठून?

त्यांनी घरी येऊन पुन्हा काचेची पात्रे मांडली. गाळलेल्या निर्मळ हवेत निरनिराळे वायू अगदी थोडे मिसळले आणि पात्र उन्हात ठेवले. गंधकाच्या धुरातला वायू आणि असेच आणखी काही वायू असले की, जेथे एकही कण नव्हता तेथे उन्हामुळे नवे कण तयार झाले. म्हणजे हवेतले काही कण उडून येत नाहीत, ते हवेतच जन्मतात. न दिसणाऱ्या वायूंचे रेणू सूर्यप्रकाशात बदलतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा कण होतो. १८९० नंतरच्या दशकात आणि पुढेही त्यांनी यावर लेखन केले. सूर्य धुके घालवतो हे सर्वांना माहीत होते, सूर्य धुक्याचे बीजही तयार करतो हे एटकेन यांनी दाखवले.

त्यांच्या वाटेने पुढे गेलेल्या एका तरुणाचे नाव येथे सांगितले पाहिजे. सी. टी. आर. विल्सन यांनी १८९४ च्या सप्टेंबरात बेन नेव्हिसच्या वेधशाळेत काही दिवस काम केले. ढगांवर पडणारी रंगीत वलये पाहून त्यांना तसे ढग प्रयोगशाळेत बनवण्याची इच्छा झाली. एटकेन यांच्याप्रमाणे दमट हवा प्रसरण पावू देऊन त्यांनी ढग केले. हवा पूर्ण गाळून घेतली तरी, ती एरवीपेक्षा सुमारे चौपट बाष्पाने भरली तर विद्युत्भारित रेणूंवरही थेंब धरतात, असे त्यांना आढळले. त्यातून पुढे अणूच्या सूक्ष्म कणांचे मार्ग दाखवणारी मेघपेटी निर्माण झाली आणि विल्सन यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खऱ्या आकाशात मात्र हवा इतकी बाष्पाने कधीच भरत नाही. म्हणून खऱ्या ढगाला कणच लागतो. एटकेन यांचे म्हणणे त्यामुळे अधिकच पक्के झाले.

समुद्रावर कण कसे जन्मतात याचा उलगडा शंभर वर्षांनी होऊ लागला. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ अतिसूक्ष्म वनस्पती तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकयुक्त वायू हवेत येतो. समुद्राकाठी येणाऱ्या विशिष्ट वासात याचा वाटा असतो. उन्हात या वायूपासून शेवटी गंधकाम्ल बनते. त्याचे रेणू पाण्याच्या आणि अमोनियाच्या रेणूंबरोबर एकत्र येऊन कण तयार होतो. १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक, आंद्रे आणि वॉरेन या चौघांनी अशी कल्पना मांडली की, प्लवक वाढले की ढग दाटतील आणि ढग समुद्राला थंड ठेवतील. पुढच्या संशोधनात ही साखळी वाटली तितकी सरळ नसल्याचे दिसून आले. पण समुद्रातला जीव आणि आकाशातला ढग यांचा संबंध आहे, ही गोष्ट कायम राहिली.

दुसरा पदार्थ म्हणजे आयोडिन. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेड येथे एक संशोधन केंद्र आहे. ओहोटीच्या वेळी समुद्रशेवाळ उघडे पडले आणि त्यावर ऊन पडले की, तेथे नव्या कणांचा अक्षरशः पूर येतो. शेवाळातून सुटणाऱ्या आयोडिनच्या वायूंपासून हे कण बनतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत २००९ पासून एका मोठ्या पोलादी पात्रात शुद्ध हवा भरून असेच प्रयोग चालतात. आयोडिनच्या आम्लांपासून कण फार वेगाने तयार होऊ शकतात, असे तेथील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. पात्र पोलादाचे झाले, मोजणी विजेच्या उपकरणांनी होऊ लागली, पण हवा गाळून घ्यायची आणि मग थोडे काही मिसळून पाहायचे, ही रीत फॉलकर्कच्या त्या घरातलीच आहे.

जन्मलेला प्रत्येक कण ढगाच्या कामी येतोच असे नाही. नवजात कण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा असतो. ढगाचा थेंब धरण्यासाठी त्याला पन्नास ते शंभर पट वाढावे लागते. तोवर बहुतेक कण मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. खवळलेल्या समुद्रावर मिठाचे कण इतके असतात की, वायू त्यांच्यावरच जमतात आणि नवा कण जन्मायला वाव राहत नाही. म्हणून पुष्कळदा हे कण समुद्रापासून उंचावर, ढगांच्या आसपासच्या स्वच्छ हवेत तयार होतात आणि हळूहळू खाली येतात. जगातील ढगांच्या बीजकणांपैकी जवळजवळ निम्मे अशा रीतीने हवेतच जन्मलेले असावेत, असा अंदाज आहे. ढगाचे बी आकाराने किती लहान आणि त्याचे जगणे किती अवघड, हे पाहिले की आमच्या कोरडवाहू रानातल्या बाजरीची आठवण होते.

आपल्या पावसाचे ढग अरबी समुद्रावरून येतात. पावसाळ्यात त्या समुद्रात खालचे थंड पाणी वर येते आणि प्लवक भरभरून वाढतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात आणि झुआरीच्या खाडीत डायमिथाइल सल्फाइडची मोजणी केलेली आहे. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालवली आहे. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत, पुण्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, विमानातून ढगांत मिठाची पूड फवारून पाहिली. मीठ फवारलेल्या भागात पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी अधिक पडल्याचा निष्कर्ष निघाला. एटकेन यांच्या पात्रातले मीठ असे शंभर वर्षांनी दख्खनच्या आकाशात पोचले.

तर मग वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर काय? मला समजले ते असे. आमच्यावरून जाणाऱ्या ढगांत कणांची उणीव नाही. कण आहेत, कधी कधी तर जास्तच आहेत. धुरामुळे कण फार झाले की, तेच पाणी अनेकांत वाटले जाते आणि थेंब बारीक राहतात. ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. बारीक थेंब लवकर एकत्र येत नाहीत. मिठाचा मोठा कण पाणी ओढून मोठा थेंब करतो आणि तो पडताना इतरांना गोळा करतो, म्हणून मीठ टाकायचे. परंतु मुळात ढगात पाणी हवे. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि पुष्कळसे पाणी तेथेच टाकते. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील घाटघरला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमच्या पूर्व भागात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. घाट उतरलेली हवा खाली येताना तापते आणि ढग विरळ होतात. ढगच नसेल तर विमानाने काही होत नाही. विमान येऊन आमचे ढग पळवून लावते, असे आमच्याकडे काही लोक अजूनही मानतात. त्यांना मी आता हे सांगू शकते. ऐकणारे सगळे पटवून घेतातच असे नाही, पण वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. आणि एवढे कळून आमच्या बाजरीला काय उपयोग, असेही त्यांनी विचारले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. पण ढगाच्या पोटात काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पाण्याच्या नावावर कोणी सहज फसवू शकणार नाही, एवढे मला नक्की वाटते.

एटकेन अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९१७ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल देऊन गौरवले. १४ नोव्हेंबर १९१९ रोजी फॉलकर्क येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे शास्त्रीय लेख सी. जी. नॉट यांनी संपादित करून १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान अशा हवेतील कणांना आज जगभर एटकेन कण म्हणतात. राजेमहाराजांची नावे किल्ल्यांना आणि शहरांना राहतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूला नाव राहिलेला माणूस विरळाच.

थोरांची चरित्रे लिहिताना शेवटी त्यांचा आदर्श घ्यावा असे लिहिण्याची पद्धत आहे. मला मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करावीशी वाटते. एटकेन आजारी पडले तेव्हा त्यांना घरी बसून प्रयोग करता आले, कारण घरी पैसा होता. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर उचल फेडायची राहते. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते. पण विज्ञान शाखा तालुक्याच्या गावी, खोलीचे भाडे आणि शिकवणीचा खर्च आम्हांला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून मी कलेला आले. विज्ञानाचे दार आपल्याला बंद झाले असे तेव्हा मला वाटले होते आणि पुष्कळ दिवस मी त्याबद्दल मनात कुढत होते.

हे चरित्र वाचून एवढे मात्र कळले की, ते दार कापसाच्या बोळ्याने आणि काचेच्या बरणीनेही थोडे उघडते. एटकेन यांच्यासारखा पैसा माझ्याजवळ नाही, पण रोज पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे याला पैसा लागत नाही. यंदाच्या मृगापासून मी सरांच्या मदतीने तयार केलेले एक साधे पर्जन्यमापक आमच्या ओट्यासमोर बसवले आहे. रोज सकाळी आठला पाणी मोजून मी वहीत लिहिते. मी कॉलेजला आले की आजी बोटाच्या पेराने खूण सांगते आणि संध्याकाळी मी तिची नोंद करते. पुष्कळ पानांवर शून्यच आहे. सर म्हणतात की, शून्यही लिहायचे असते. वडील आताशा संध्याकाळी वही मागून घेतात, आकड्यांवरून बोट फिरवतात आणि पश्चिमेकडे पाहतात.